दुसऱ्या मात्रेवर जोर

दार करकरत उघडल्याचा आवाज आला म्हणून मी उठून पाहायला गेलो. कोणी नव्हतं. परत येऊन खुर्चीत टेकतोय तोच दार धाडकन आपटलं. पुन्हा उठलो. पुढचं दार बंद, मागचंही बंद. बाहेर टेक्सासचं रणरणतं ऊन आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिसऱ्यांदा दार करकरलं तेव्हा मी चपला घालायला लागलो. भाची मान न वळवता म्हणाली, "मामा, बस रे तू. ते दार कॉम्प्युटरमधलं आहे."

गोष्ट २००४ सालच्या सप्टेंबरातली. डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात ताई राहायची, आणि तिच्याकडे मी तीन महिने मुक्काम ठोकला होता. त्या काळी अमेरिकेतल्या पोरासोरांचा जीव 'एआयएम' नावाच्या गप्पांच्या खिडकीत अडकलेला असे. एओएल कंपनीनं ती सोय १९९७ साली काढली होती. ओळखीचं कुणी तिकडे आपल्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसलं की इकडे दार उघडल्याचा आवाज व्हायचा, आणि ते उठून गेलं की दार आपटल्याचा. ताईकडे दिवसभर दारं वाजत, पण माणूस म्हणाल तर एक येत नसे. नगरला आमच्याकडे नेमकं उलटं. दार सकाळी उघडलं की रात्रीच लागायचं, त्यामुळे त्याचा आवाज कसा असतो हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. माणसं मात्र अखंड.

ताईकडे कोणी न येण्याचं कारण असं, की माझी पंधरा वर्षांची भाची आणि तेरा वर्षांचा भाचा शाळेतच जात नव्हते. शाळेतून घरापर्यंत मागे लागून येणारी जी एक वरात असते, ती त्यांना नव्हती.

आमचं घराणं मास्तरांचं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडील मास्तर, आत्या मास्तरीण. ताईनं पोरांना शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलं ही बातमी नगरला पोचली, तेव्हा आईनं फोनवर आधी हळूच विचारलं, "फी परवडत नाही का गं? आम्ही पाठवू का काही?" ताईनं सांगितलं की इथल्या सरकारी शाळा फुकट असतात. ते ऐकून आई जास्तच घाबरली.

ताईच्या चर्चमध्ये मात्र हे निम्म्या घरांत चालायचं. शाळेत न जाता घरी शिकणारी मुलं अमेरिकेत १९९९ साली साडेआठ लाख होती आणि २००३ साली अकरा लाख, असा तिथल्या सरकारी खात्याचाच अंदाज. त्याआधी वीस वर्षं अशा आईबापांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत ही गोष्ट कायद्यात बसली. मूळ कल्पनेचा गाजावाजा केला तो जॉन होल्ट नावाच्या एका मास्तरांनी, आणि त्यांचा धर्माशी काही संबंध नव्हता. शाळेत मुलांचं कुतूहल मरतं ही होल्टसाहेबांची तक्रार, आणि शाळेत मुलांचा विश्वास मरतो ही भाविक आईबापांची. निदान वेगवेगळं, औषध एकच, म्हणून दोघांची गाठ एकाच दुकानात पडली.

घरच्यांनी फार छेडलं तर ताईकडे दोन अस्त्रं होती. एक म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. "लक्ष्मीबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? रेव्हरंड टिळकांनी घरीच शिकवलं ना? मग? 'स्मृतिचित्रे' लिहिलंच की नाही?" नगरच्या ख्रिस्ती घरात लक्ष्मीबाईंचं नाव निघालं की समोरच्याला गप्प बसावंच लागतं. रेव्हरंड टिळक शिकवताना किती चिडायचे तेही लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय, पण तेवढा भाग ताई गाळायची. दुसरं अस्त्र म्हणजे जॉर्ज थँपी. मिझुरीतल्या या बारा वर्षांच्या भारतीय वंशाच्या मुलानं २००० साली अमेरिकेची राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा जिंकली होती, आणि तो घरी शिकलेला होता. ताई त्याचं नाव असं घ्यायची, जसा तो आमचा चुलतभाचा.

तर असं हे घर. टेक्सासच्या कायद्यानं घरशाळेत पाच विषय शिकवायला हवेत: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. बस्स. परीक्षा नाही, तपासनीस नाही. विज्ञानसुद्धा त्या यादीत नाही. ते ताई आपल्या मनानं शिकवायची. संगीतही त्या यादीत नाही, आणि ते ताई शिकवत नव्हती. त्यामुळे पोरांनी तेवढा एक विषय आपापला शिकून घेतला.

मला काम लागलं ते या सहाव्या विषयात. कॉम्प्युटर जेवणाच्या खोलीत होता आणि त्याचं तोंड स्वयंपाकघराकडे. पडदा सगळ्यांना दिसला पाहिजे असा घरी शिकवणाऱ्या मंडळींचा दंडकच होता. पण ताई आठवड्यातले तीन दिवस हॉस्पिटलात नर्सची पाळी करायची आणि दाजी संध्याकाळी येत. म्हणून मधल्या वेळात पहारा मामाकडे. ताईनं सूचना दिली ती शब्दशः सांगतो: "ती काय लिहिते ते वाचू नकोस, पण बघत राहा." हे कसं साधायचं ते तिनं सांगितलं नाही. मी वाचायला लागलो.

खरं सांगायचं तर मी जरा दचकतच बसलो होतो. परक्या मुलुखात, अनोळखी पोरं, रात्रंदिवस गप्पा. आपल्याकडच्या वर्तमानपत्रात 'इंटरनेटच्या विळख्यात तरुणाई' असे मथळे वाचून गेलेला मी मनुष्य. आता इथे काय काय पाहावं लागणार! आणि पाहिलं ते काय? तिघा-चौघा मुलांची चर्चा चालली होती, की स्वल्पविराम आणि अर्धविराम यांत कुठला कधी वापरावा.

ही सगळी मंडळी एका ऑनलाइन लॅटिन वर्गात भेटलेली. मेलेली भाषा शिकायला अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांतून अकरा जिवंत पोरं दर मंगळवारी जमत. वर्ग संपला की खिडकीत गप्पा. सगळे घरीच शिकणारे, सगळे चर्चला जाणारे, आणि सगळे पूर्ण वाक्यात लिहिणारे. मी त्यांची खरी नावं कधी धड ऐकली नाहीत. पडद्यावरची नावं भलतीच असत: कुणाच्या नावात एल्फ, कुणाच्या नावाला योहानाच्या शुभवर्तमानातला ३१६ हा आकडा चिकटवलेला. मग मी आपल्या पद्धतीनं बारसं केलं. टेनेसीत राहते ती टेनेसीकर, ओहायोतला तो ओहायोकर आणि एक बर्फात राहणारी मिनेसोटेकर. भाचीला हे इतकं आवडलं की तिनं ते तिकडे कळवलं, आणि 'कर' म्हणजे अमक्या गावचा हेही समजावून दिलं. दुसऱ्या दिवसापासून ओहायोतला मुलगा सही करताना नावापुढे 'कर' लावायला लागला.

आपल्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न, गाव कुठलं. दुसरा, आडनाव काय. आणि तिसऱ्याला आतेबहिणीच्या नणंदेपर्यंत पोचायचं. या पोरांचा पहिला प्रश्न एकच: काय ऐकतेस? उत्तरादाखल आठ-दहा नावांची यादी यायची. मग समोरचा आपली यादी टाकायचा. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून पोरं असं काही बारकाईनं बघत, की मला पत्रिका घेऊन बसलेले आमच्या गल्लीतले गुरुजी आठवले.

त्या याद्यांत नुसती आवड नव्हती, घराचं सोवळं किती कडक आहे तेही होतं. हे मला उशिरा उमगलं. सर्वांत कडक घरात फक्त जुनी स्तोत्रं आणि बाख. त्याखालच्या पायरीवर गिटार चाले, ड्रम नाही. तिसऱ्या पायरीवर ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात जे विकायला असेल ते सगळं चाले. आणि चौथ्या पायरीवरचे उदारमतवादी यू-टू ऐकत, कारण त्यांच्या गाण्यात देव असतो, जरा शोधावा लागतो इतकंच. ताईचं घर तिसऱ्या पायरीवर. यादीतलं एक नाव वाचलं की भाचीला कळायचं, समोरच्याच्या घरी काय चालतं, आई काय म्हणते, वडील किती कडक. 'तुमच्यात कांदालसूण खातात का' हे न विचारता डब्यातल्या भाजीवरून ओळखावं, तसं.

ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानाचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. मी एकदा भाचीबरोबर तिथे गेलो. बायबलांच्या कपाटांमागे सीडींची एक भलीमोठी भिंत, आणि तिच्यावर एक तक्ता लावलेला. डाव्या बाजूला बाहेरच्या जगातल्या बँडची नावं, उजव्या बाजूला ख्रिस्ती बँडची. तुम्हाला डावीकडचा अमुक आवडतो? मग त्याऐवजी उजवीकडचा तमुक ऐका. कर्कश गिटारवाल्यांना कर्कश गिटारवाले, रॅपवाल्यांना रॅपवाले. मी तो तक्ता वाचत उभा राहिलो आणि मला नगरच्या आमच्या शेजारच्या काकू आठवल्या. चतुर्थीला त्यांच्याकडे उपवासाची मिसळ असायची, उपवासाचा डोसा असायचा, उपवासाची पुरीसुद्धा. उपवासाला जे जे खायचं नाही ते ते सगळं, फक्त वऱ्याच्या तांदळाचं आणि शिंगाड्याच्या पिठाचं. मोडायचं काही नाही आणि सोडायचंही काही नाही. लॅरी नॉर्मन नावाच्या एका लांब केसांच्या माणसानं १९६९ साली 'अपॉन धिस रॉक' नावाची तबकडी काढली, ती ख्रिस्ती रॉकची सुरुवात मानतात. तेव्हा चर्चनं त्याला दारात उभं केलं नव्हतं. पस्तीस वर्षांत त्या एका डोशाचं आख्खं उपाहारगृह झालं होतं. आणि खरं सांगू? काकूंची मिसळ मला आमच्या घरच्या मिसळीपेक्षा आवडायची.

बँडची नावं वाचताना मलाही हुरूप आला. 'जार्स ऑफ क्ले' दिसल्याबरोबर मी म्हणालो, "मातीची पात्रं. करिंथकरांस दुसरं पत्र, चौथा अध्याय, सातवी ओवी." भाची बघतच राहिली. रविवारच्या शाळेत पाठ केलेलं चाळीस वर्षांनी असं कामी आलं. 'थर्ड डे' सोपं होतं, पुनरुत्थानाचा तिसरा दिवस. मग माझी स्वारी जोरात आली आणि 'रिलायंट के' या नावाचा अर्थ मी इब्रींस पत्रात शोधायला लागलो. ते निघालं त्यांच्यातल्या एकाच्या जुन्या प्लिमथ रिलायंट मोटारीचं नाव. भाचीनं हे लगेच टेनेसीकरला कळवलं आणि तिकडून हसण्याचा एक सविस्तर, व्याकरणशुद्ध मजकूर आला.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमांचं हॉवर्ड शोर यांचं संगीत. लेखक टोल्किन भाविक कॅथलिक, वाद्यवृंद शास्त्रशुद्ध, आणि बराचसा भाग बिनशब्दांचा, मग आक्षेप घ्यायचा कशाला? चारही पायऱ्यांवरची पोरं तिथे एकत्र यायची. पाणवठाच तो.

या सगळ्यात मला माझीच शाळा आठवत राहिली. माझा पहिला मित्र मला कसा मिळाला? मास्तरांनी तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी आणून बसवला. त्याला काय आवडतं हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची गरजही पडली नाही. बाक एक, दौत एक, मारही एक. पुढे कळलं की त्याला कुस्ती आवडते आणि मला पुस्तकं. तोवर उशीर झाला होता, मैत्री झालेली होती. आमचं आधी बाक, मग माणूस, आणि आवडीनिवडी सगळ्यांत शेवटी. भाचीचं सगळं उलट्या क्रमानं. आधी आवड, मग तिच्या मागचा माणूस, आणि बाक तर कधीच नाही. तिला दिवसभरात भेटायचे ते आई, बाप, भाऊ आणि एक मामा. शेजारी आणून बसवायला मास्तर नाही. म्हणून त्या यादीचाच तिनं बाक केला होता, आणि 'जरा सरक' म्हणून त्यावर कुणाकुणाला बसवत होती.

मला याची काळजीही वाटायची. आपल्याला जे आवडतं तेच ज्याला आवडतं, त्याच्याशीच मैत्री करायची सवय लागली तर पुढे कसं व्हायचं? माझ्या कुस्तीवाल्या मित्राला एकाही यादीत जागा मिळाली नसती.

मुलगे-मुली एकमेकांशी बोलत ते मात्र फार जपून. ताईच्या कपाटात 'आय किस्ड डेटिंग गुडबाय' हे पुस्तक मानानं ठेवलेलं होतं. ते १९९७ साली आलेलं, आणि लिहिणारा जोशुआ हॅरिस स्वतः घरीच शिकलेला, लिहिलं तेव्हा एकवीस वर्षांचा. लग्नाचा विचार नसेल तर फिरणं-भेटणं नकोच, असा त्याचा उपदेश. (त्याच हॅरिसनं २०१८ साली ते पुस्तक छापणं थांबवलं आणि चुकलो म्हणाला, पण ते पुढचं.) त्यामुळे ओहायोकर भाचीशी बोलताना आधी हवामानाची चौकशी करी, मग लॅटिनच्या गृहपाठाची, आणि मग दबकत विचारी, "रिच मलिन्स यांच्या रचनांबद्दल आपलं काय मत आहे?" मलिन्स १९९७ साली मोटार अपघातात गेलेला गायक, त्याच्याविषयी मत विचारण्यात कुठलाही धोका नव्हता. भाची चार ओळींत उत्तर द्यायची आणि मग दहा मिनिटं उगीचच डोक्याला क्लिपा लावत बसायची. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो. पहारेकऱ्यानं कुठे डोळे मिटावेत हे मी आपलं आपण ठरवलं होतं.

आता टेनेसीकरची गोष्ट. ती डोंगरात राहायची, व्हायोलिन वाजवायची, आणि तिचं घर दुसऱ्या पायरीवरचं. गिटार चाले, ड्रम नाही. तिच्या वडिलांचं म्हणणं असं, की पाप ड्रममध्ये नाही, ते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जो जोर देतात त्यात आहे. चार मात्रांत पहिलीवर जोर दिला तर माणूस कवायत करतो. दुसरी-चौथीवर दिला की कंबर हलते. असं सांगणारे उपदेशक त्या काळी बरेच होते, आणि हा ठेका आफ्रिकेतून आला म्हणून वाईट असंही त्यांतले काही बेधडक म्हणत. टेनेसीकरच्या वडिलांना तसं म्हणायचं नसावं. त्यांना फक्त कंबरेची धास्ती होती.

मुलगी प्रामाणिक. चोरून ऐकणाऱ्यातली नव्हे. पण नियम कानांसाठी होता, डोळ्यांसाठी नव्हता, ही पळवाट तिनं आणि भाचीनं मिळून शोधली होती. एका दुपारी मी पाहिलं, भाचीनं कानाला हेडफोन लावला होता, आणि स्विचफूट बँडच्या 'द ब्यूटिफुल लेटडाउन' मधलं एक गाणं ऐकत ऐकत ती भराभर टाइप करत होती. ती गाणं लिहून पाठवत होती. शब्द नव्हे, गाणं. आता फक्त गिटार आहे, अगदी जवळून, खोलीत कुणीतरी बसून वाजवतंय तसं. आता ड्रम आला. पायाशी येतो आधी, मग छातीत. आता सगळे गप्प. आता एकदम सगळे परत. तिकडून उत्तर आलं: थांब, ते गप्प बसतात तो भाग पुन्हा सांग. भाचीनं गाणं मागे नेलं आणि पुन्हा सांगितला.

मी गाणं ऐकलं नाही, टेनेसीकरनंही नाही. पण त्या दुपारी आम्हा दोघांना ते बऱ्यापैकी कळलं.

ठेक्याचं हे भांडण मला नवं नव्हतं. आमच्या आजोबांना देवळात तबला खपत नसे. नगर जिल्हा तमाशाचा. ढोलकी म्हणजे फड आणि तबला म्हणजे बैठक, असं त्यांचं समीकरण. मिशनऱ्यांनी शिकवलेली, विलायती चालींवरची मराठी गीतं ऑर्गनवर म्हणावीत, हे त्यांच्या मते शोभून दिसे. आणि इकडे रेव्हरंड टिळकांनी तर ख्रिस्ताला सरळ भजनात आणि अभंगात बसवलेला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, ते गेले १९१९ साली. त्यांची गाणी उपासना संगीताच्या पुस्तकात पानोपानी. आजोबांचा टिळकांवर अतोनात जीव आणि तबल्यावर राग. मग तडजोड निघाली: पेटी आणि टाळ. हातांनी मांडीवर ठेका धरला तर आजोबा दुसरीकडे बघत.

ही हकिगत मी जेवताना सांगितली, भाचीनं ती टेनेसीला कळवली, आणि तिकडून फर्माईश आली: मामांचं ते टिळकांचं गाणं ऐकायला मिळेल का?

झालं. शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर ध्वनिमुद्रणाची तयारी. कॉम्प्युटरचा काडीएवढा माइक डाळीच्या बरणीवर टेकवला. पेटी नव्हती. ठेक्यासाठी भाच्यानं सॅक्सनचं गणिताचं पुस्तक आणलं. ते पुस्तक जाडजूड, पुठ्ठा कडक. त्यातली गणितं तो कशी सोडवायचा ते माहीत नाही, पण दोन पेन्सिलींनी ते पुस्तक वाजवायचा मात्र उत्तम. मी त्याला कहरवा शिकवला: धागे नाती नाक धिन. अर्ध्या तासात बसला त्याच्या हातात. "मामा, इथे जोर कुठे द्यायचा?" "धा वर. पहिल्या मात्रेवर." "म्हणजे हे चालेल त्यांना!" तो म्हणाला आणि डोळा मारला. तेरा वर्षांचं पोर.

मी भजन म्हटलं. दुसऱ्या कडव्याला ताईच्या फ्रिजनं घरघर सुरू केली, ती तशीच राहिली. टेनेसीत इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चालायचं, ती छोटीशी फाइल जायला सात-आठ मिनिटं लागायची. पहिल्यांदा पाठवली तेव्हा तिच्या आईनं फोन उचलला आणि मी निम्म्यात तुटलो. दुसऱ्यांदा पोचलो.

मग तिकडे दार आपटलं. दिवसभर शांतता. गाणं आईवडिलांपुढे ठेवलं गेलं असणार, हे आम्हाला कळत होतं. ताई कामावरून आली, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "तुला काय गरज होती रे?" आणि मग स्वतःच तीनदा कॉम्प्युटरकडे बघून गेली. रात्री नऊला दार करकरलं. आम्ही चौघेही धावलो.

निकाल असा होता: वडिलांनी दोनदा ऐकलं. भक्तिभाव आहे म्हणाले. वाजतंय ते काय, असं विचारलं. टेनेसीकरनं खरं ते सांगितलं, गणिताचं पुस्तक. वडील बराच वेळ विचार करत बसले. गणिताच्या पुस्तकाविरुद्ध त्यांना पवित्र शास्त्रात काही सापडलं नाही. परवानगी मिळाली.

पुढच्या आठवड्यात टेनेसीकरची नवी यादी आली. बाख, मग व्हायोलिनवाला कुणी, मग हॉवर्ड शोर, आणि चौथ्या नंबरावर 'मामा अँड द मॅथ बुक'. आयुष्यात मी कुठल्याही यादीत इतक्या वर कधी लागलो नव्हतो, दहावीलासुद्धा नाही.

नोव्हेंबरात मी परत आलो. एआयएम २०१७ च्या १५ डिसेंबरला कायमचं बंद झालं. त्या दिवशी भाचीनं नगरला मला मुद्दाम फोन केला. "मामा, दार बंद झालं," एवढंच म्हणाली.

पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं, डॅलसलाच. (ओहायोकराशी नाही. त्यानं एक पत्र पाठवलं होतं, चार पानी, अर्धविरामांसह.) टेनेसीकर आली होती. चौदा वर्षांनी मी तिचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. तिशीला टेकलेली, केस कापलेले, बोलणं तसंच पूर्ण वाक्यांचं. जेवताना मी तिला सहज जुनाच प्रश्न विचारला: हल्ली काय ऐकतेस? तिनं चार नावं सांगितली. त्यांतलं एकही मला ठाऊक नव्हतं, आणि भाचीनं तर तोंड वाकडं केलं. "मामा, ती जे ऐकते ना, ते मला पाच मिनिटंसुद्धा सहन होत नाही." टेनेसीकर म्हणाली, तिचंही भाचीच्या गाण्यांबद्दल हेच मत आहे. मग दोघी हसत सुटल्या. चर्चबद्दलही दोघींचं आता पटत नाही, हे ताईनं मला आधीच कानात सांगून ठेवलं होतं. यादीतलं एक नाव शिल्लक राहिलं नव्हतं आणि या बाकावर मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. माझा कुस्तीवाला मित्र मला आठवला, आणि चौदा वर्षांपूर्वीची काळजी मी तिथेच ताटाखाली सरकवून दिली.

टेनेसीकर माझ्याकडे वळली. "मामा, ते गाणं मला अजून येतं," म्हणाली. शब्द नाही, ठेका. आणि दोन बोटांनी तिनं टेबलाच्या कडेवर कहरवा धरला. धागे नाती नाक धिन.

चुकत होती. पहिल्या मात्रेला तिचं बोट नुसतं टेकत होतं. सगळा जोर येत होता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. समोर, तीन खुर्च्या सोडून, तिचे वडील बसले होते. पांढरे झालेले, ताठ, मांडीवर रुमाल. त्यांनी एकदा टेबलाकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे, आमच्या आजोबांसारखंच.

मी तिचा ठेका दुरुस्त केला नाही.